एकमुळांचे चौथे दार

८ एप्रिल, मंगळवार

माझ्या जहाजावर कोणीतरी एक वाक्य बोलले आहे आणि ते मी लिहिलेले नाही.

हे मला कळले कुठे, तर कोपऱ्यावरच्या बेकरीत. खुसखुशीत बिस्कोचो कागदात गुंडाळता गुंडाळता तिथली बाई म्हणाली, "तुम्हीच ना त्या, 'काळा किनारा' गेमची गोष्ट लिहिणाऱ्या? अहो, त्या चौथ्या दारावरच्या पोरीनं माझ्या नवऱ्याला रडवलं. एवढा रेडा माणूस, पण हमसून हमसून रडला."

मी म्हटले, चौथ्या दारावरची पहारेकरीण शपथ म्हणते. त्यात रडण्यासारखे काही नाही.

"शपथ कसली? ती म्हणते, 'पोचल्यावर कळव.' बस, एवढंच. हा आता ते दंडावर गोंदवून घेणार आहे म्हणे. मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं नाव नाही गोंदवलंस ते!"

मी बिस्कोचो तिथेच विसरून बाहेर पडले.

उद्या कोणाची तरी मान पिरगाळायची आहे. त्याआधी वस्तुस्थिती मांडून ठेवते. एकमूळ हा पंथ माझा आहे. विद्यापीठात मी आयुष्यभर मध्ययुगीन मठांचे नियम शिकवले. जेवताना कोणी कुठे बसायचे, कोणी मेले की त्याची वाटी कोणी उचलायची, हे नियम ज्यांना क्षुल्लक वाटतात त्यांना माणूस कळलेला नाही. त्याच शिस्तीने मी एकमुळांचे जग रचले. भरकटलेल्या जहाजावर एकच स्त्री वाचते, पंप दुरुस्त करणारी. जहाजाचे यंत्र तिच्या प्रती घडवू लागते आणि दोन शतकांत त्या प्रतींचे राष्ट्र होते. चेहरा एक, आवाज एक. नाव कोणालाच नाही. काम हेच नाव. पंप. दिवा. चौथे दार. एक मेली की यंत्र दुसरी घडवते आणि तीच चौथे दार होते. त्यांच्या भाषेत आई नाही, बहीण नाही, लेक नाही. 'आधीची' आणि 'नंतरची', एवढीच नाती. कोणी कोणाची वाट पाहत नाही, कारण वाट पाहावी अशी जागा तिथे रिकामी राहतच नाही.

अशा जगात 'पोचल्यावर कळव' हे वाक्य म्हणजे माशाला आलेली शिंक आहे.

९ एप्रिल, बुधवार

गुन्हेगार सापडली. नोएलिया पिन्तोस, आमच्या खेळाची यंत्रणा लिहिणारी, जिच्या टेबलावर माते नावाचा कडू चहा पिण्याची तीन भांडी एकाच वेळी गळत असतात.

"मीच टाकलं ते," ती म्हणाली. लाज नाही, संकोच नाही. "संवादाचा बॉक्स तपासत होते, बाई. अक्षरं नीट बसतात का बघायला काहीतरी टाकावंच लागतं. कोणी 'अबक' टाकतं, कोणी शिवी टाकतं. तेवढ्यात आईचा मेसेज आला. मी साल्तोला जायला निघणार होते ना त्या दिवशी. 'पोचल्यावर कळव.' तेच टाकलं."

"आणि माझी शपथ?"

"ती नंतर टाकणार होते. विसरले."

"विसरलीस."

"नशीब समजा, प्रोफेसरबाई. तिसऱ्या दाराला मी काय टाकलं होतं ते तुम्हाला सांगू पण शकत नाही. ते आठवणीनं काढलं."

फाब्रिसियो ओलिवेरा, या संस्थेचा मालक, हसू दाबत होता. वय चौतीस, दाढी चाळिशीची, विचार सोळाचे. "सुल्मा, ऐका ना. लोकांना त्या वाक्याचं वेड लागलंय. दार ओलांडून लोक परत येतात, नुसतं तिच्यासमोर उभं राहायला. असं आपल्या एका तरी गोष्टीबद्दल झालंय का?"

मी त्याला विचारले, एखाद्या कारागिराने कॅथेड्रल बांधावे आणि लोकांनी गवंड्याने विसरलेल्या बादलीपुढे गुडघे टेकावेत, तर त्या कारागिराने काय करावे?

"बादलीला तिकीट लावावं," नोएलिया म्हणाली.

करारातले कलम मी त्याला तोंडपाठ ऐकवले. एकमुळांच्या तोंडी माझ्या संमतीवाचून एक शब्दही जाणार नाही. फाब्रिसियोचे हसू उतरले. पुढच्या दुरुस्तीत वाक्य निघेल. माझी शपथ येईल. 'जे बाहेर गेले ते दाराने पाहिले. जे दाराने पाहिले ते दाराने सोडले. दाराला स्मरण नाही, दाराला कर्तव्य आहे.' हे वाक्य मी एक संपूर्ण हिवाळा घासले आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

सुटीच्या आठवड्यामुळे शहर ओस. दुरुस्ती सकाळी गेली. वाक्य निघाले.

बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

२२ एप्रिल, मंगळवार

संताप व्यक्त करायला मला सहसा शब्द कमी पडत नाहीत.

खेळाडूंनी बाहेर जाणे बंद केले आहे. चौथ्या दारासमोर शेकडो जण येऊन उभे राहतात आणि हलत नाहीत. काळे कपडे घालून. का? तर त्यांचा निष्कर्ष असा की चौथे दार मेली. जिच्या तोंडी ते वाक्य होते ती मेली, यंत्राने तिच्या जागी नंतरची घडवली, आणि या नंतरचीला आधीचे काही ठाऊक नाही. म्हणून ती शपथ म्हणते. चेहरा तोच, आवाज तोच, पण ही ती नव्हे.

सबंध दुपार मी या युक्तिवादात भोक शोधत होते. नाही सापडले. प्रत्येक पायरी माझ्याच नियमांवर उभी आहे. मला शिव्या देणाऱ्यांची मला सवय आहे. विद्यापीठात त्यासाठी समित्या होत्या. पण माझेच सूत्र अचूक लावून माझ्यावर खुनाचा आळ आणणारे लोक मी प्रथमच पाहते आहे.

'तिला कोणी मारलं?' असे त्यांनी सगळीकडे लिहून ठेवले आहे. शुद्धलेखनाच्या चुका न करता.

२४ एप्रिल, गुरुवार

आज मी हा खेळ प्रथमच खेळले. तीन वर्षांत कधी गरज वाटली नव्हती. मी संहिता लिहिते, संहिता वाचते. नोएलियाने हातात ती काळी वस्तू दिली आणि मी माझ्याच जहाजाच्या भिंतीवर जाऊन आदळले.

"डावा अंगठा, बाई. डावा. अहो, तो उजवा आहे."

"भिंत मध्ये आहे."

"भिंत तिथंच आहे. तुम्ही मध्ये आहात."

वाटेत शिलालेखांचे दालन लागले. एकमुळांची दोन शतके मी या भिंतींवर कोरून घेतली आहेत, त्यांच्या लिपीत, खाली अर्थासह. प्रत्येक ओळ तपासलेली. दालनात चिटपाखरू नव्हते. मी वाचायला थांबले तर मागून धावत येणारा कोणीतरी माझ्या अंगातून आरपार निघून गेला.

दारापाशी गर्दी. मी पहारेकरणीसमोर उभी राहिले. चौकट उघडली, माझ्या शपथेचा पहिला शब्द दिसला आणि चौकट मिटली.

"काय झालं?"

"तुम्ही बटण दाबलंत. सगळेच दाबतात. लांब काही आलं की अंगठा आपोआप जातो."

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा माझाच अंगठा. माझे स्वतःचे वाक्य मला वाचता आले नाही. पडद्यावर शेजारच्या कोणा अनोळखी खेळाडूने मला उद्देशून लिहिले, 'नवीन आहेस का? बाहेर जाऊ नकोस. गेलीस तर हिला कळणार नाही.'

अशा लोकांना उत्तर देण्याची मला सवय नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

एकोणतीस तारीख, म्हणून रीतीप्रमाणे कार्यालयात न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. फाब्रिसियो स्वतः रांधतो आणि ते रबरासारखे होतात, तरी सगळे दुसऱ्यांदा वाढून घेतात. ही माणसे खरे बोलायला कुठेच शिकलेली नाहीत.

जेवताना त्याने बेत सांगितला. वाक्य परत आणायचे. इतकेच नव्हे, तर चौथे दार ही मुळात आई होती, तिची मुलगी चोरून जन्माला आली होती आणि एके दिवशी दाराबाहेर गेली, असा नवा भाग काढायचा. शेवटी दोघींची मिठी. व्हायोलिन.

"मुलगी?" मी म्हटले. "कोणाची? यंत्राची?"

"गूढ ठेवू."

"फाब्रिसियो, जे तुला माहीत नसते त्याला तू गूढ म्हणतोस."

"सुल्मा, लोकांना माया हवी आहे."

"मग त्यांना कुत्रा पाळू दे!"

नोएलियाला ठसका लागला. मग म्हणाली, "व्हायोलिन मलाही नको. पण बाई, ती का बोलली असेल, हे तुम्हीच सांगा ना. तुमच्या नियमात बसवून. बसत नसेल तर सोडा, कबूल करा की नाही जमत."

मला डिवचण्याचा प्रयत्न उघड होता. तरीही मी काटा खाली ठेवला आणि सर्वांदेखत सांगितले, वाक्य परत येईल, पण माझ्या स्पष्टीकरणासह येईल, आणि ते स्पष्टीकरण वाचल्यावर मायेची भाषा कोणाच्याही तोंडून निघणार नाही.

३ मे, शनिवार

झाले. इतके नितळ काही मी बऱ्याच वर्षांत लिहिलेले नाही. उतरवून ठेवते.

'यंत्र नंतरची घडवते ते आधीची मेली हे कळल्यावरच. जहाजाच्या आत हे तत्काळ कळते. परंतु जी दाराबाहेर गेली आणि जिची वार्ता आली नाही, ती मेली असे धरता येत नाही. जिवंत आहे असेही धरता येत नाही. तिची नंतरची घडवणे निषिद्ध आहे. तिचे काम कोणी करीत नाही. तिचे बूट ती ज्या दारातून गेली त्या दाराशी ठेवलेले असतात; ते कोणी घालीत नाही, हलवीत नाही. वार्ता येईपर्यंत जागा रिकामी राहते, मग त्यास कितीही काळ लागो. म्हणून दार प्रत्येक जाणारीस सांगते, पोचल्यावर कळव. हा जिव्हाळा नव्हे. ही व्यवस्थेची गरज आहे.'

आता रडा म्हणावे. गोंदवा म्हणावे, 'ही व्यवस्थेची गरज आहे.'

५ मे, सोमवार

मजकूर नोएलियाला दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला. मी टोमण्याची वाट पाहत होते. ती सरळ गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. माते पिऊन पिऊन तिचे पोट बिघडलेले असणार.

फाब्रिसियोने दोनदा वाचला. "सुल्मा, हे... तुम्ही हे मुद्दाम असं लिहिलंत?"

"मी काहीच अनवधानाने लिहीत नाही."

"नाही, तसं नाही. म्हणजे, 'कितीही काळ लागो'..."

"त्यात काय खटकते?"

"काहीच नाही. एक शब्दही बदलणार नाही मी." त्याने डोळे चोळले. रात्री जागून खेळत बसायचे आणि सकाळी कामावर डोळे चोळायचे. व्हायोलिनचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही. तर्काचा विजय म्हणतात तो हा.

वाक्य आणि स्पष्टीकरण बुधवारी सर्वांसाठी खुले होईल.

११ मे, रविवार

आज मातृदिन. दुकानादुकानांत साखरेची हृदये. आणि या आठवड्यात माझ्या खेळाडूंनी काय करावे?

बूट काढले.

शब्दशः. बुधवारपासून ते चौथ्या दाराशी येतात, बूट उतरवतात, ठेवतात आणि लोखंडी जमिनीवरून अनवाणी चालू लागतात. मी लिहिले काय आणि यांनी वाचले काय! ज्याला मी थंड नियम म्हणून मांडले त्याच्यावर हे लोक आधीपेक्षा जास्त रडत आहेत. त्यांची पत्रे फाब्रिसियोने मला पाठवली. एकाही पत्रात 'व्यवस्था' हा शब्द नाही.

नोएलियाला घरी फोन केला, रविवार असूनही. "त्यांना समजावून सांग. ज्या बाहेर गेल्या आणि ज्यांची वार्ता नाही, त्यांचेच बूट ठेवायचे असतात. हे स्वतःचे काय काढून ठेवतात?"

"स्वतःचे नाहीत ते, बाई. नीट बघा. बुटांवर नावाची पट्टी लावायची सोय दिलीय मी. वाचा तरी."

वाचल्या. रिवेराच्या कोणी एकाने ठेवलेली जोडी त्याच्या मित्राच्या नावाची आहे. दोघे रोज एकत्र खेळत. मित्र उत्तरेला कामासाठी गेला, सीमा ओलांडताना शेवटचा मेसेज आला, मग नाही. एका बाईने नवऱ्याचे ठेवले आहेत. तो मासेमारीच्या बोटीवर होता. एकाने नुसते लिहिले आहे, 'ताई'. आपल्या पात्राचे बूट देऊन ते हरवलेल्या माणसाची जोडी ठेवतात, कारण ठेवायला त्यांच्याकडे दुसरे बूट नाहीत.

म्हणजे नियमाचे पालन काटेकोर आहे. मला त्यात चूक काढता आलेली नाही. त्याने माझा राग कमी झालेला नाही, उलट वाढला आहे, आणि तो नेमका कोणावर आहे हे मला आज ठरवता येत नाही.

२० मे, मंगळवार

लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांसाठीचा मूक मोर्चा. नेहमीप्रमाणे गेले. आई होती तोवर छायाचित्र तिच्या हाती असे, आता माझ्या. यंदा काठीला नवा खिळा मारावा लागला. पुढच्या रांगेत कोणीतरी कुजबुजत होते, त्यांना मी नजरेने गप्प केले. मौन पाळायचे तर पाळावे.

गर्दीत नोएलिया दिसली. तिने आधी मला पाहिले, मग वरच्या छायाचित्राकडे, मग खालच्या तारखेकडे. आणि शेजारी येऊन चालू लागली. शेवटच्या चौकात एकेक नाव पुकारले गेले आणि सगळे 'हजर' म्हणाले तेव्हा तिनेही म्हटले. तोपर्यंत एक अक्षर बोलली नाही. तिच्या बाबतीत हे प्रथमच.

बाकी विशेष काही नाही.

२३ मे, शुक्रवार

पाऊस, गारठा. नोएलिया लॅपटॉप दुरुस्त करायला घरी आली आणि बरोबर पावसात खायच्या तळलेल्या पुऱ्या, गरम तोर्ता फ्रिता, घेऊन आली, तेलाने कागद पारदर्शक झालेला. माझ्या संहितेच्या पानावर ठेवणार होती, वेळीच थांबवले.

जोडणीची तार मागच्या खोलीतून जाते म्हणून ती तिकडे गेली. तिथूनच विचारले, "बाई, ही कोणाची खोली?"

"वाल्तेरची. माझा भाऊ."

"मोर्च्यातला फोटो?"

"हो."

"चादर नवी आहे."

"दर महिन्याला बदलते. धूळ बसते."

ती दारात येऊन उभी राहिली. "इतकी वर्षं? तुम्ही त्या छोट्या खोलीत पुस्तकांच्या ढिगाऱ्यात झोपता आणि ही..."

मला अशा चौकशा सहन होत नाहीत. मी म्हटले, "खोली दुसऱ्या कामाला लावायची तर आधी काय झाले ते कळायला हवे. ते कळलेले नाही. त्याला जे घेऊन गेले त्यांनी सांगितले नाही, आणि ज्यांना ठाऊक होते ते एकेक करून मरत आहेत, सन्मानाने, आपापल्या बिछान्यात! कळलेले नसताना मी ती खोली कोणाला द्यावी? इतकी साधी गोष्ट तुला सांगावी लागते?"

ती अगदी हळू म्हणाली, "नाही, बाई. आता नाही सांगावी लागत."

आणि एकदम येऊन मला मिठी मारली. हात तेलकट. माझी राखाडी शाल खराब झाली. ही पिढी कोणत्या क्षणी काय करील याचा नेम नाही. तार मात्र तिने नीट जोडून दिली.

२७ मे, मंगळवार

फाब्रिसियोने बोलावले. आवाज मऊ, म्हणजे संकट.

बुटांनी जहाज जड झाले आहे. हजारो जोड्या, प्रत्येकीवर नाव, आणि प्रत्येक खेळाडूच्या यंत्राने त्या सगळ्या दाखवायच्या. ज्यांची यंत्रे जुनी आहेत त्यांचा खेळ चौथ्या दाराशी येऊन गोठतो. आणि बूट ठेवणारे बहुतेक जण जुन्या यंत्रांवरच खेळतात.

"महिन्यातून एकदा साफ करू," तो म्हणाला. "हळूच. फोटो काढून एका पानावर लावू, आठवण म्हणून."

"साफ," मी म्हटले.

"नवीन ठेवू देऊच की लोकांना."

"'कोणी हलवीत नाही.' हे मी लिहिले आहे. ते तू छापले आहेस. आता तूच झाडू घेऊन निघालास?"

"मग काय करू, सुल्मा? तिथे जागा तेवढीच आहे!"

नोएलिया खुर्चीत फिरून आमच्याकडे वळली. बोलू की नको असा चेहरा. "जागा होऊ शकते. दाराला लागून जे आहे ते काढलं तर. सगळ्यात जड तेच आहे. शिलालेखांचं दालन."

बाहेर बसचा ब्रेक लागला तो ऐकू आला.

"मी नुसतं सांगितलं," ती म्हणाली. "काढा असं नाही म्हणाले."

"अजिबात नाही," फाब्रिसियो घाईने म्हणाला. "ते दालन म्हणजे सुल्माची तीन वर्षं आहेत. विषय संपला. बूट काढू."

मी दरवाजा आपटून निघाले. माझ्याविषयी मला न विचारता निर्णय घेणारे लोक मला आयुष्यभर भेटत आले आहेत.

२८ मे, बुधवार

दालनाची बाजू. पहिली भिंत: यंत्राची पहिली प्रत, तिचे सात दिवसांचे मौन. दुसरी: पाण्याचे नियम. तिसरी: दिव्यांचे बंड, जे मी चौदा वेळा लिहिले. चौथ्या भिंतीवरील लिपीत मी क्रियापदाचे एक रूप असे घडवले आहे की ते फक्त न घडलेल्या गोष्टींसाठी वापरता येते. हे जगात कोणीही ओळखलेले नाही, आणि ओळखले नाही म्हणून त्याचे मूल्य कमी होत नाही.

बुटांची बाजू. अडाणी, भावनाविवश, खेळाच्या रचनेला बाधक.

तुलनाच होऊ शकत नाही, हे उघड आहे. मग मी दुपारपासून का येरझारा घालते आहे?

संध्याकाळी पुन्हा दाराशी गेले. आता अंगठा बरा वळतो. रांगा सरळ आहेत. टाचा दाराकडे, चवडे आत. तसे मी कुठेही सांगितले नव्हते. त्यांनी आपसांत ठरवले असावे, की परतणाऱ्याला वळावे लागू नये.

हे मला सुचायला हवे होते. याचा मला फार राग आला आहे.

३० मे, शुक्रवार

सकाळी कार्यालयात जाऊन सांगितले, दालन काढा.

फाब्रिसियो उभा राहिला. "सुल्मा, तुम्ही रागात आहात."

"मी नेहमीच रागात असते. तुला ते निर्णयाच्या दिवशीच दिसते."

"नीट विचार..."

"जाहीर केलेला नियम मोडला तर तो नियम नव्हता. भिंतींवर जे होते ते मी पुन्हा लिहू शकते. एक जोडी जरी हलली, तर ती ज्याने ठेवली त्याला आपण असे सांगतो की वार्ता आली. ती आलेली नाही. खोटे छापणाऱ्या संस्थेत मी काम करीत नाही. यात भावनेचा काहीही संबंध नाही."

"नाही, बाई," नोएलिया म्हणाली. "कुणी म्हणालंय का?"

तिने भिंती एकेक करून काढल्या. प्रत्येक वेळी माझ्याकडे पाही आणि मी मान हलवी. दिव्यांचे बंड निघाले तेव्हा तिने विचारले, "पाणी देऊ?" मी म्हटले, काम कर. फाब्रिसियो खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि नाक पुसत होता. या इमारतीत दमटपणा फार आहे, कितीदा सांगितले.

शेवटी तिथे कोरी राखाडी जमीन उरली, दारापासून लांबवर. जुन्या यंत्रावर चालवून पाहिले. गोठले नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट तपासायची राहिली होती. आपण नियम घालून द्यायचे आणि ते प्रत्यक्षात चालतात का हे पाहायचे नाही, ही चूक मी एकदा केली आहे. पुन्हा करणार नाही. म्हणून खेळ उघडला, माझ्या पात्राचे बूट उतरवले आणि नव्या जमिनीवर ठेवले. टाचा दाराकडे. पट्टीवर नाव लिहिले. 'वाल्तेर' बसले. 'एचेवेरी' बसत नाही. शेवटची अक्षरे तुटतात. तीनदा लिहून पाहिले, तीनही वेळा तुटली.

नोएलियाला फोन लावून विचारले, ही काय कामाची पद्धत झाली? माणसाचे पूर्ण नाव बसणार नसेल तर पट्टी द्यायचीच कशाला? सोमवारपर्यंत मला चालणार नाही, मी तिला सांगितले. एकही दिवस चालणार नाही. मी आवाज चढवला होता, हे मान्य आहे.

ती म्हणाली, "फोन ठेवू नका, बाई. आत्ता करते. आडनाव सांगा, एकेक अक्षर."